टर्बो उतरवण्याआधी तीन सकाळी थांबा

वाचकाचं पत्र:

काका, माझ्याकडे स्विफ्ट डीडीआयएस आहे, २०११ चं मॉडेल, १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेली. वडिलांनी घेतली होती, ते गेल्यापासून मी वापरतो. निफाडजवळ मळ्यात राहतो, द्राक्षबाग आहे. दिवाळीपासून सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, तोवर सायलेन्सरमधून काहीच येत नाही. मग एकदम पांढरा धूर टाकत चालू होते आणि दोन-तीन मिनिटं अशी हलते की आरशातलं काही दिसत नाही. तापली की शहाण्यासारखी वागते. दुपारी एका सेल्फमध्ये चालू. ओढायला तक्रार नाही, परवा मुंबईहून येताना कसारा घाट नेहमीसारखा चढली. नाशिकला मेव्हण्याकडे दोन दिवस होती, तिथं मात्र सकाळी पटकन चालू झाली. त्याच्या पार्किंगला पुढच्या बाजूला उतार आहे, आणि तिथं आमच्याइतकी थंडीही नसते. दसऱ्याला सर्व्हिसिंग केलं, ऑइल आणि सगळे फिल्टर बदलले. डिझेल पंपावरचंच टाकतो, कधी घाई असली तर ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या ड्रममधलं. एक मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला, त्यानं पाइप काढून आतलं ऑइल दाखवलं, ३२ हजार सांगतो. दुसरा म्हणतो चारही इंजेक्टर बदला. गॅरेजचा पोरगा एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी चालू करून देतो. यंदा पंधरा वर्षं होतात म्हणून पासिंगही आहे. खर्च करू की गाडी काढून टाकू?

उत्तर:

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी एक विनंती. पुढच्या तीन सकाळी गाडीला कुणालाही पाना लावू देऊ नका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन्ही मेकॅनिकांनी गाडी पाहिली, पण तुमचं ऐकून घेतलं नाही असं मला वाटतं. तुम्ही जाता जाता तीन गोष्टी लिहून गेलात: मेव्हण्याच्या पार्किंगचा उतार, दसऱ्याचं सर्व्हिसिंग आणि ट्रॅक्टरचा ड्रम. माझ्या अंदाजानं दोष या तिघांच्या आसपासच सापडेल.

टर्बोचं आधी मिटवू, कारण प्रश्न ३२ हजारांचा आहे. टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या जोरावर. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे घेतं. तेव्हा एक्झॉस्टला जोरच नसतो, त्यामुळे टर्बो असून नसल्यासारखा. चालू होऊन गाडी आयडलला आली, म्हणजे पाय न देता जागेवर चालू राहिली, साडेआठशे फेऱ्यांच्या आसपास, तरी दाब नावालाच. म्हणजे सकाळी चालू होताना आणि जागेवर धडधडताना तुमची गाडी जवळजवळ बिनटर्बोची असते. टर्बो ज्या दोन वेळी कामावर नसतो, नेमकी तेव्हाच तुमची तक्रार आहे. जिथं त्याची खरी परीक्षा होते त्या कसारा घाटात तक्रार नाही. टर्बो गेला असता तर घाटात गाडीनं मान टाकली असती, शिट्टीचा आवाज सायरनसारखा झाला असता, निळा धूर आला असता, डिपस्टिकवर ऑइल उतरत गेलं असतं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होऊ देऊ नका.

मग पाइपमध्ये ऑइल दिसलं त्याचं काय? इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून हवेच्याच वाटेवर सोडलेली असते. ती पुढे टर्बोतून, इंटरकूलरच्या पाइपांतून जाते आणि आतल्या बाजूला चिकट थर धरते. इतकं चाललेल्या डिझेल गाडीचा तो पाइप कोरडा निघाला तर उलट मला नवल वाटेल. बोट फिरवल्यावर काळपट, ओलसर लागलं तर सोडून द्या. पाइप तिरका केल्यावर चमच्यानं मोजावं इतकं ऑइल गळलं तर मात्र हयगय नको, कारण डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत बेफाम धावू शकतं आणि तेव्हा चावी काढूनही बंद होत नाही. मनाची खात्री हवी असेल तर इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना टर्बोच्या तोंडाचा रबरी पाइप काढायला सांगा आणि दांडा बोटांनी धरून स्वतः हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर जाणवण्याइतका सरकला, किंवा पात्यांच्या कडा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खराब. पाच मिनिटांचं काम आहे, आणि गाडीच्या मालकानं ते आपल्या डोळ्यांनी पाहावं.

हे मी इतक्या आग्रहानं लिहितो त्याला कारण आहे. माझं गॅरेज होतं तेव्हा एका टॅक्सीवाल्याची डिझेल गाडी अशीच आली होती. सकाळी चालू होत नाही आणि पाइपमध्ये ऑइल. मी पाइप काढला, ऑइल पाहिलं, पुढचा विचार केला नाही आणि रिकंडिशन टर्बो बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो गॅरेजच्या दारात उभा होता. गाडी घरीच होती, चालू झालेली नव्हती. त्याच्या घरी जाऊन मी डिझेल लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि सेल्फ मारायला सांगितलं. नळीतून आधी हवा, मग फेस, आणि बऱ्याच वेळानं डिझेल आलं. फिल्टरजवळच्या एका जोडात रबराची रिंग चिरली होती. सुपारीएवढीसुद्धा नसेल ती. मजुरी मी परत केली, पण टर्बोचे पैसे त्याच्या खिशातून गेले ते गेलेच. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, हे मी पाळत आलो.

आता तुमच्या गाडीकडे. तिचा धूर तुम्ही फार नेमका सांगितलाय. सुरुवातीचे आठ-दहा सेकंद काहीच येत नाही, मग एकदम पांढरा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते त्यामागे दोषही दोन आहेत.

सेल्फ फिरतोय आणि सायलेन्सरमधून जराही धूर नाही, याचा अर्थ सिलेंडरमध्ये डिझेल पोहोचतच नाहीये. तुमची गाडी कॉमन रेलची. हाय प्रेशर पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून भरतो आणि तिथून ते सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चार इंजेक्टरना जातं. रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब तयार होईपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडत नाही. आता रात्रभरात लाइनमध्ये हवा शिरली असेल, तर पंप आधी ती हवाच चिवडत बसतो. हवा दबते, डिझेल दबत नाही, म्हणून दाब चढायला वेळ लागतो. हवा निघून गेली की सगळं सुरळीत, आणि दिवसभर गाडी चालू-बंद होत राहिली तर लाइन रिकामी व्हायला वेळच मिळत नाही. दुपारी एका सेल्फमध्ये चालू होते त्याचं एक कारण हे.

मेव्हण्याकडचा उतारही इथं जुळतो. नाक खाली करून गाडी उभी केली की मागची टाकी इंजिनापेक्षा वर येते. मग लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरत नाही. सपाट जागेत, किंवा नाक वर असताना, एखाद्या ढिल्या जोडातून हवा आत येते आणि डिझेल हळूहळू मागे सरकतं. दसऱ्याला फिल्टर बदलले असं तुम्ही लिहिलंय, आणि तक्रार दिवाळीपासूनची. डिझेल फिल्टर बदलताना जुनी रिंग तशीच राहणं, नवी बसवताना मुरगळणं, खालचा पाणी काढायचा स्क्रू नीट न आवळला जाणं, या रोजच्या चुका आहेत. मी पहिला संशय तिथंच घेईन.

दुसरा दोष पांढऱ्या धुराचा. तो डोळ्यांना झोंबतो का? कच्च्या डिझेलचा वास येतो का? तसं असेल तर सिलेंडरमध्ये डिझेल आलंय पण जळलं नाही, त्याची वाफ झाली. (वास गोडसर असेल आणि कूलंटची पातळी खाली जात असेल तर ते दुखणं निराळं, हेड गॅस्केटचं. ते आधी बघून घ्या.) थंड इंजिनात डिझेल न जळण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ग्लो प्लग, म्हणजे थंड सिलेंडर आतून तापवणारे विजेचे प्लग, मेलेले असणं. चारांपैकी एक-दोन गेले की तेवढेच सिलेंडर सकाळी चुकतात, उरलेल्यांवर गाडी धडधडत चालते, आणि दोन-तीन मिनिटांत इंजिनाचं डोकं (हेड) तापलं की चुकणारे सिलेंडरही पेटायला लागतात. तुमचे आरसे थरथरायचे थांबतात ते तेव्हा.

तुमच्या गावाची थंडी यात मोठी भर घालते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कडाक्याच्या थंडीत पारा ५-६ अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. हीच गाडी मुंबईत असती तर चारही प्लग मेलेले असूनही मालकाला पत्ता लागला नसता, कारण तिथल्या हवेत या इंजिनाला त्यांची फारशी गरजच पडत नाही. डॅशबोर्डवरचं पिवळं स्प्रिंगचं चिन्ह लागून विझतं म्हणून प्लग चांगले, असंही समजू नका. ते चिन्ह किती वेळ थांबायचं एवढंच सांगतं. तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत चारही प्लगना एकाच रिलेतून वीज जाते, त्यामुळे एखादा मेला तरी स्कॅनरवर दोषाचा कोड येत नाही.

आता त्या तीन सकाळी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. ही शिस्त पाळली नाही तर सगळा खटाटोप वाया जाईल.

पहिल्या रात्री गाडी नेहमीच्या जागी, नेहमीसारखी उभी करा. सकाळी बोनेट उघडून आधी बॅटरीला मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असतील तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. मग एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं काटा बघायचा. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली व्होल्टेज कोसळलं तर इंजिन हळू फिरतं आणि बाकीच्या सगळ्या चाचण्या फसव्या ठरतात. तसं असेल तर इथंच थांबा. बॅटरी, तिच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि बॉडीला जाणारी अर्थची वायर आधी नीट करा. सगळं ठीक असेल तर किती सेकंदांनी चालू झाली, धूर कधी आला, किती वेळ हलली, तेवढं टिपून ठेवा.

दुसऱ्या रात्री मळ्यातच उताराची जागा शोधा आणि गाडी नाक खाली करून लावा. हँडब्रेक, गिअर आणि पुढच्या चाकांना दगड, तिन्ही लावा. डिझेल फिल्टरच्या खाली जमिनीवर एक मोठा कोरा पुठ्ठा टाका. थंडी निफाडचीच, बदलला फक्त उतार. आता पटकन चालू झाली तर मेव्हण्याकडे गाडी उबेमुळे नव्हे, उतारामुळे चालू होत होती हे पक्कं झालं. पुठ्ठाही बघा. हवा ज्या फटीतून आत शिरते तिथून एरवी डिझेल बाहेर येईलच असं नाही, कारण त्या बाजूला पंपाची ओढ असते. पण टाकी वर गेली की रात्रभरात त्याच फटीतून थेंब झिरपू शकतात. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग पडला तरी त्याच्या सरळ वर टॉर्च मारून बघा, जोड सापडेल.

तिसऱ्या रात्री पुन्हा नेहमीची सपाट जागा. सकाळी चावी फिरवा, पिवळं चिन्ह विझू द्या, चावी बंद करा, परत फिरवा. असं तीनदा करून मगच सेल्फ मारा. धूर आणि थरथर कमी झाली पण सेल्फ तितकाच वेळ मारावा लागला, तर ग्लो प्लगकडे बोट जातं. एक लक्षात ठेवा: काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो, चावी फिरवली की मागच्या सीटखाली बारीक गुणगुण ऐकू येते. तुमच्यात तो असेल तर चावी तीनदा फिरवल्यानं डिझेलही पुढे येतं, म्हणून या एका सकाळीवरून निकाल देऊ नका. फिल्टरपाशी हातपंप असेल तर चौथी सकाळ खर्च करा: सेल्फ मारायच्या आधी तो घट्ट होईपर्यंत दाबा. घट्ट व्हायला बरेच दाब लागले आणि मग गाडी लगेच चालू झाली, तर लाइनमध्ये हवा आहे याला दुसरा पुरावा नको.

ही वही घेऊन मेकॅनिककडे जा. चांगला मेकॅनिक ती वाचून खूश होईल. त्याला फिल्टरपासून हाय प्रेशर पंपाकडे जाणाऱ्या नळीत दोन दिवसांपुरता डिझेल सहन करणारा पारदर्शक तुकडा क्लिपा आवळून घालायला सांगा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा गेला तर काही नाही. बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर फिल्टरच्या रिंगपासून मागे टाकीपर्यंत एकेक जोड तपासायचा. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्याही बघायच्या, त्या या वयात कडक होऊन तडकतात. हा तुकडा फक्त पंपाच्या आधीच्या, कमी दाबाच्या बाजूला. पंपाच्या पुढे कधीच नाही.

ग्लो प्लग तपासायला ते बाहेर काढावे लागत नाहीत. इंजिन बंद करून प्लगवरची वायर काढा, मल्टिमीटरची एक तार प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनाला. एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आलं तर प्लग जिवंत. काहीच दाखवलं नाही तर आतून तुटलेला. चौघांचं माप घ्या. मग चावी फिरवल्यावर वायरवर १२ व्होल्ट येतात का तेही बघा. नाही आले तर प्लग बिचारे ठीक आहेत आणि रिले किंवा फ्यूज गेलाय. खरी काळजी प्लग काढताना. पंधरा वर्षं डोक्यात बसलेला प्लग थंड इंजिनावर जोर लावून फिरवला की तुटतो, आणि अर्धा आत राहिला की हेड उतरवण्याची वेळ येते. आदल्या संध्याकाळी मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, दुसऱ्या दिवशी इंजिन चांगलं तापवून हळूहळू, थोडा सैल, थोडा घट्ट असं करत काढा. घाई असलेल्या माणसाच्या हातात हे काम देऊ नका.

स्कॅनर लावलाच तर नुसते कोड वाचून घेऊ नका, चालू आकडे बघायला सांगा. सकाळी पहिल्या सेल्फच्या आधी कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं आणि बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. निफाडच्या ८ अंशांत कूलंटचा सेन्सर ४० दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन गरम समजून प्लगना वीजच देत नाही, आणि मग प्लग कितीही नवे घाला. सेल्फ मारताना रेलचा दाब किती वेगानं चढतो तेही बघायचं. दोन-तीन सेकंदांत दोनशेच्या पुढे गेला तर डिझेलची बाजू साफ. आयडलला चारही इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे, म्हणजे ईसीयू कुणाचं डिझेल किती कमी-जास्त करतो ते, शेजारी शेजारी ठेवा. एकच आकडा इतरांपासून फार दूर असेल तर तो सिलेंडर ओळखला.

दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढत नाही, पण पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. झिजलेला इंजेक्टर जास्तीचं डिझेल रिटर्नला सोडतो आणि त्यामुळे रेलमध्ये दाब धरत नाही. पण डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि जास्तच निसटतं, म्हणून असे इंजेक्टर असलेली गाडी बहुधा गरम असताना रडवते. महामार्गावर चहाला थांबून निघताना चालू होत नाही. तुमची दुपारी एका सेल्फमध्ये चालू होते. तरीही पैसे टाकायच्या आधी रिटर्नची चाचणी मागा: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, दोन-चार मिनिटं इंजिन चालवायचं आणि पातळ्या बघायच्या. तीन सारख्या आणि चौथी दुप्पट-तिप्पट भरली तर तो एक इंजेक्टर दुरुस्तीला द्या. चार बदला म्हणणाऱ्यानं ही चाचणी केली नसेल तर त्याचा तो अंदाजच.

ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीनं अर्धवट उघडा अडकला तरी आयडल बिघडतं, पण ते गरम झाल्यावरही बिघडलेलंच राहतं आणि धूर काळा असतो. तुमच्या गाडीत तसं नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला साफ करून घ्या, झालं.

आता दोन गोष्टी, ज्या मी हात जोडून सांगतो. तो पेट्रोलचा बोळा आजपासून बंद. ग्लो प्लग लालभडक असताना पेट्रोलची वाफ आत गेली की ती वेळेच्या आधी पेटते, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर हातोडा पडतो, आणि आग मागे फिल्टरच्या डब्यात आली तर त्या पोराचा चेहरा भाजेल. आणि इंजिन चालू असताना इंजेक्टरची नळी ढिली करून कुठला सिलेंडर मेला ते शोधायची जुनी पद्धत, तीही बंद. जुन्या जीपला, ट्रॅक्टरला आम्ही सगळ्यांनी ती वापरली. कॉमन रेलमध्ये आयडललाही दोन-तीनशे बार दाब असतो, जोरात चालवताना हजाराच्या वर. त्या फटीतून निघणारी डिझेलची धार डोळ्यांना दिसत नाही आणि हातमोज्यासकट कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, आतून मात्र बोट सडतं. कुणाला तसं लागलंच तर दुखत नसलं तरी त्याच तासात हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना कातडीत दाबानं डिझेल शिरलंय असं स्पष्ट सांगायचं.

ड्रमचा विषय राहिला. हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पंपावर येणारं डिझेल आणि एरवीचं डिझेल यांचे निकष आपल्याकडे वेगळे आहेत. गारठ्यात ज्या तापमानाला डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, ती मर्यादा हिवाळ्याच्या डिझेलला ६ अंश आणि इतर महिन्यांच्या डिझेलला १८ अंशांपर्यंत चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरला भरून ठेवलेला ड्रम जानेवारीत तुम्ही गाडीत ओतलात, तर ५-६ अंशांच्या पहाटे ते डिझेल फिल्टरमध्ये दाटू शकतं. शिवाय ड्रम दिवसा तापतो, रात्री गार पडतो, आतल्या हवेतला दमट अंश पाणी होऊन तळाशी साठतो. ट्रॅक्टरचा साधा पंप एक वेळ ते सोसेल. कॉमन रेलचा पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात, त्यांना पाण्याचा थेंबही चालत नाही. मेकॅनिककडे जाल तेव्हा फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा वेगळा थर किंवा गाळ दिसला तर फिल्टर बदला, टाकीही साफ करून घ्या. आणि यापुढे गाडीत ड्रमचं डिझेल नको.

गाडी काढून टाकू का, विचारलंत. आत्ता नको. १२४८ सीसीचं हे इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, आणि आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, ते टाटाच्या गाड्यांत क्वाड्राजेट म्हणून बसायचं. मारुतीनं डिझेल २०२० मध्ये बंद केलं, पण इतक्या गाड्यांत हे इंजिन गेलंय की त्याची रिंग, प्लग, सेन्सर नाशिकच्या बाजारात मागाल तेव्हा मिळतात. माझा अंदाज बरोबर निघाला तर तुमचा खर्च टर्बोच्या किमतीचा एक लहानसा भाग असेल. पासिंगच्या आधी ब्रेक, टायर, दिवे, पीयूसी आणि खालच्या पत्र्याचा गंज एका सकाळी नीट बघून घ्या. पत्रा सडला असेल तर मी वेगळा सल्ला देईन, तो खर्च इंजिनासारखा आवरत नाही. पत्रा शाबूत असेल तर वडिलांची गाडी ठेवा, आणि ऑइलची पातळी दर पंधरवड्याला बघा, कारण या इंजिनाच्या टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो.

तिन्ही सकाळचे आकडे मला लिहून पाठवा, सेकंद, व्होल्ट आणि पुठ्ठ्यावर डाग होता की नव्हता ते. सपाट जागेत आणि उतारावर काहीच फरक पडला नाही तर माझा पहिला संशय चुकला असं समजा. तेव्हा रेलच्या दाबाचा आकडा हाती घेऊन आपण पुढच्या पत्रात तिथून सुरुवात करू.